संत सेना महाराज

आपल्याकडे सलूनमध्ये आरशाच्या वर पुष्कळदा संत सेना महाराजांचा फोटो असतो. ते व्यवसायाने न्हावी. परंपरेनुसार ते आपल्याच मध्यप्रदेशातील बांधवगडच्या राजाच्या सेवेत होते.

एकदा ते पूजेला बसले असता राजाचे बोलावणे आले. पूजा अर्धी टाकून ते उठले नाहीत. राजा म्हणजे आजच्या भाषेत सर्वांत मोठे गिऱ्हाईक. ते तुटले असते, वर शिक्षाही झाली असती. कथा अशी की विठ्ठलच धोकटी घेऊन दरबारात गेला. राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसले, आणि बक्षिसाचे होन सेनाजींच्या धोकटीत निघाले. ही कथा महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) ग्रंथातही आहे. पुढे सेनाजींनी राजसेवा सोडून पंढरीची वाट धरली.

धंद्याची लाज मात्र त्यांनी बाळगली नाही. आपल्या मराठी अभंगात त्यांनी आरसा आणि चिमटा घेऊनच विवेक व वैराग्य समजावले. शिखांच्या आदिग्रंथातही (१६०४) सेनाजींचे एक पद आहे.

आज सलूनमध्ये खुर्च्या वाढल्या, फेशियल आले. तरी गिऱ्हाईक गळ्याला वस्तरा लावू देते ते विश्वासावरच. असे असून प्रवेश-अर्जात काही मुले वडिलांचा व्यवसाय ‘सलून’ न लिहिता ‘प्रायव्हेट काम’ लिहितात. पालकांनी याकडे जरूर लक्ष द्यावे.

श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी असते. त्या दिवशी प्रार्थनेत त्यांचा अभंग म्हणायचा आहे. इच्छुकांनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत.