पाठभेदांच्या अरण्यातील गणिती

गणपतीने व्यासांचा लेखनिक होण्याची कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती महाभारताच्या मूळ संहितेतून काढून परिशिष्टात घालण्याचे धाडस एका मुंबईकर पंडिताने केले, आणि तेही गणिताच्या शिस्तीने.

डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबईत झाला. धोबीतलावाजवळच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून ते केंब्रिजला गेले. तेथे गणित झाले. पुढे मन भाषाशास्त्राकडे वळले आणि बर्लिनमध्ये प्रा. ल्यूडर्स यांच्या हाताखाली त्यांनी संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहिला. काही वर्षे पुरातत्त्व खात्यात काढून १९२५ मध्ये ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले.

त्यांच्यापुढचा प्रश्न आजच्या संगणकतज्ज्ञांना ओळखीचा वाटेल. बँकांचा डेटाबेस अनेक सर्व्हर मिळून सांभाळतात. त्यांच्यातील संपर्क तुटला, की प्रत्येक जण स्वतःलाच मुख्य समजून एकाच डिस्कवर लिहू लागण्याचा धोका असतो. म्हणून ज्याच्या बाजूने बहुमत नाही, त्याचा डिस्कशी संबंध आधी तोडतात. पोथ्यांना असे कुंपण कोण घालणार? काश्मीरपासून केरळपर्यंत नकलनवीस शतकानुशतके लिहीत राहिले, भर घालत राहिले. शिवाय एका पोथीतले श्लोक दुसरीत उतरवीत राहिले.

आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांची नोंद झाली. त्यांतल्या १०७ देवनागरी, तर काश्मीरच्या शारदा लिपीतल्या अवघ्या ३. मते मोजली असती तर देवनागरीच जिंकली असती. पण देवनागरी पोथ्यांतच सरमिसळ सर्वाधिक होती. एकमेकींवरून उतरवलेल्या शंभर साक्षीदारांची साक्ष एकाच साक्षीदाराची ठरते, हे सुकथनकरांनी ओळखले. काश्मीर आणि दक्षिण यांचा एकमेकींशी संबंध येण्याचा संभव कमी; तेव्हा जेथे त्यांचे एकमत, तेथे पाठ जुना, ही त्यांची मुख्य कसोटी. निवडलेल्या ६० पोथ्यांचे पाठ अक्षरशः ताडून पाहिले गेले. जेथे निर्णय पक्का नव्हता, तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ आली. टाकून मात्र काहीच दिले नाही. वगळलेला प्रत्येक श्लोक तळटीपेत किंवा परिशिष्टात जागच्या जागी सापडतो, आणि संपादकाचा निर्णय वाचकाला स्वतः तपासता येतो. या कामाची खरी थोरवी इथेच आहे.

आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. पुढे काही वर्षांनी नेपाळातून एक फार जुनी पोथी हाती आली. संपादनाच्या वेळी ती कोणी पाहिलेली नव्हती. तिने निकाल फिरवला असता तर आठ वर्षांच्या श्रमांवर पाणी पडले असते; परंतु त्यांनी वगळलेल्या अनेक भागांचा तिच्यातही पत्ता नव्हता.

१९४२ मध्ये त्यांचे आरण्यकपर्व पुरे झाले. मुंबई विद्यापीठातर्फे महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने द्यायची होती. तीन झाली. चौथे व्हायच्या आधीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, ते गेले. ही व्याख्याने मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने १९५७ मध्ये पुस्तकरूपाने काढली. चिकित्सक आवृत्ती पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडले.