बिअरच्या कारखान्याशेजारी राहायला गेलेल्या पाद्र्याने जगाला सोडा वॉटर दिलं

आषाढी वारीत माऊलींची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला येते, तेव्हा रस्त्याच्या कडेला लिंबूसोड्याच्या गाड्या लागलेल्या असतात. बाटली फस्सकन उघडते, बुडबुडे नाकात जातात आणि चालून दमलेल्या माणसाला जरा बरं वाटतं.

याच तालुक्यात अकलूज, माळीनगर, श्रीपूर हा साखर कारखान्यांचा पट्टा आहे. साखर काढून उरलेल्या मळीपासून अल्कोहोल कसं बनतं हे इथल्या माणसाला सांगायला लागत नाही. पण मळी आंबताना टाकीत जे बुडबुडे येतात आणि सोड्याच्या बाटलीत जे बुडबुडे असतात, ते एकाच गॅसचे आहेत. हे ओळखून त्याचा उपयोग करणाऱ्या माणसाचं नाव जोसेफ प्रिस्टली.

प्रिस्टलीचा जन्म १७३३ चा, इंग्लंडमधल्या लीड्स शहराजवळचा. घरात कापडाचा धंदा. आई लहानपणीच वारली, आत्याने सांभाळ केला. पोरगं हुशार होतं, एकामागून एक भाषा शिकत गेलं. पण बोलताना अडखळायचं. तरीही गडी झाला धर्मोपदेशक, म्हणजे आयुष्यभर लोकांसमोर उभं राहून बोलायचं काम. त्यातही त्याची मतं इंग्लंडच्या अधिकृत चर्चला न पटणारी.

विज्ञान त्याचं शिक्षण नव्हतं. लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिनशी ओळख झाली आणि त्याने विजेच्या इतिहासावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते १७६७ ला छापून आलं. त्याच वर्षी लीड्सच्या मिल हिल चॅपलमध्ये नोकरी लागली. राहायला घर मिळालं ते बिअरच्या कारखान्याला खेटून.

दुसरा पाद्री असता तर वासाला वैतागून घर बदललं असतं. प्रिस्टली कारखान्यात जाऊन बसायला लागला.

बार्लीचा रस आंबत ठेवलेल्या मोठमोठ्या पिंपांवर एक अदृश्य थर साचतो, साधारण वीतभर ते फूटभर जाडीचा, हे त्याने पाहिलं. पेटती मेणबत्ती त्यात नेली की विझायची. धूर मात्र त्या थरावर तरंगत राहायचा. हा हवेपेक्षा जड गॅस म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड.

आंबवण्याचं गणित सोपं आहे. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व हा गॅस सोडतं. १०० किलो ग्लुकोज पूर्ण आंबलं तर हिशेबाने सुमारे ५१ किलो अल्कोहोल आणि ४९ किलो गॅस तयार होतो. म्हणजे बिअरवाल्यांचा निम्मा माल वाऱ्यावर उडून जात होता.

प्रिस्टलीने दोन ग्लास घेतले. पिंपाच्या तोंडाशी धरून एकातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात असं ओतत राहिला. काही मिनिटांत साध्या पाण्याला चव आली, बुडबुडे आले.

पुढे घर बदललं, कारखाना लांब गेला. मग त्याने खडू आणि गंधकाचं आम्ल वापरून घरीच गॅस बनवला. महागडी उपकरणं घ्यायला पैसा नव्हता. गॅस साठवायला डुकराचं मूत्राशय, नळीच्या जागी तंबाखूच्या पाइपची दांडी, रसायनं तापवायला बंदुकीची नळी, उंदीर ठेवायला बिअरचे ग्लास. घरात पडलेल्या सामानातून त्याची प्रयोगशाळा उभी राहिली.

१७७२ ला त्याने सोडा बनवायची कृती छापून टाकली. पेटंट घेतलं नाही. हे पाणी जहाजावरच्या खलाशांना स्कर्व्हीपासून वाचवेल असं त्याला वाटत होतं. तो अंदाज चुकला, कारण स्कर्व्ही क जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. पण वेगवेगळ्या वायूंवरच्या प्रयोगांसाठी रॉयल सोसायटीचं मानाचं कोपली पदक मिळालं. पैसा मात्र दुसऱ्याने कमावला. १७८३ ला जिनिव्हात जेकब श्वेप नावाच्या माणसाने सोड्याचा धंदा सुरू केला. श्वेप्स हा ब्रँड आजही चालू आहे.

१७७४ मध्ये प्रिस्टलीने भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं आणि ऑक्सिजन वेगळा केला. मात्र जुन्या सिद्धांताला तो इतका चिकटून होता की आपल्याला काय सापडलंय हे त्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. त्याचा खरा अर्थ फ्रान्सच्या लव्हाझिएने लावला.

नंतर तो बर्मिंगहॅमला गेला. फ्रेंच राज्यक्रांतीला त्याचा उघड पाठिंबा होता. १४ जुलै १७९१ ला तिथे दंगल उसळली आणि जमावाने त्याचं घर, पुस्तकं, प्रयोगशाळा सगळं जाळलं. तो कुटुंबासह कसाबसा निसटला. १७९४ ला देश सोडून अमेरिकेला गेला आणि १८०४ मध्ये पेनसिल्व्हेनियात वारला.

त्याने पाहिलेली एक गोष्ट मात्र आजही जीव वाचवू शकते. मेणबत्ती विझवणारा तो थर माणसालाही गुदमरवतो. आंबवण्याच्या बंद टाकीत किंवा जुन्या विहिरीत साचलेला हा गॅस दिसत नाही, त्याला वासही नसतो. म्हणून पुरेशी हवा खेळवल्याशिवाय आणि तपासणी केल्याशिवाय आत उतरायचं नाही. एकजण आत कोसळला म्हणून त्याला काढायला दुसऱ्यानेही तसंच उतरायचं नाही.

आणि वाऱ्यावर उडणाऱ्या मालाचं काय झालं? आता अनेक डिस्टिलऱ्या तो गॅस गोळा करतात, शुद्ध करतात आणि शीतपेयांसाठी विकतात. पिंपावर ग्लास धरून बसलेल्या पाद्र्याने जे हाताने केलं, तेच आता यंत्रं करतात.