प्रादेशिक विषमतेचा नकाशा वाचणारे बाबासाहेब

नाशिकहून औरंगाबादकडे जाताना निफाडनंतर विंचूर लागते आणि पुढे येवला. मागे राहतो तो द्राक्ष-कांद्याचा बागायती पट्टा. पुढे अवर्षणप्रवण येवला तालुका आणि त्यापलीकडे मराठवाडा. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दरवर्षी आपण मुक्तिभूमीवर जाऊन नतमस्तक होतो. पण या रस्त्याच्या दोन टोकांमधली आर्थिक दरी ओळखणारे अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब आपल्याला किती माहीत आहेत?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते अर्थशास्त्र शिकायला. केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, याचा त्यांचा अभ्यास १९२५ मध्ये ग्रंथरूपाने लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याआधी १९१८ मध्येच त्यांनी शेतीच्या तुकड्यांवर लिहिले. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर उद्योग वाढले पाहिजेत, हे त्यांचे निदान होते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी दामोदर खोऱ्यासारख्या पाणी आणि विजेच्या योजनांना चालना दिली.

१९४८ मध्ये त्यांनी मुंबईसह एकाच महाराष्ट्राची बाजू मांडली होती. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवरील पुस्तकात मात्र त्यांनी मत बदलले आणि मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली: मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. नाशिक जिल्हा, म्हणजे आपले विंचूरही, त्यांनी मराठवाड्यासोबत मध्य महाराष्ट्रात ठेवले होते. निजामी राजवटीत मराठवाड्याला ना कालवे मिळाले, ना पुरेशा शाळा. पुढारलेल्या भागाशी एकत्र बांधल्याने मागासलेला भाग आपोआप वर येत नाही, आणि मोठ्या राज्यात बहुसंख्य जातीपुढे लहान समाज दबून जातात, हे त्यांना दिसत होते. ते फक्त लिहून थांबले नाहीत. १९५० मध्येच त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले होते. तेच आजचे मिलिंद.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९६० मध्ये राज्य एकच झाले. पण प्रश्न संपला नाही. १९८४ मध्ये दांडेकर समितीला जिल्ह्यांचा अनुशेष मोजावा लागला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे नेमावी लागली. आज संशोधक जिल्हे नकाशावर मांडून तपासतात, की श्रीमंत जिल्ह्याशेजारी श्रीमंत आणि गरिबाशेजारी गरीब जिल्हाच का दिसतो. एखाद्या जिल्ह्याची वाढ त्याच्या शेजारावरही अवलंबून असते, हे आता आकडेशास्त्राने मोजता येते.

मित्रांनो, येत्या १३ ऑक्टोबरला येवल्याला जाताना दोन्ही बाजूंची शिवारे पाहू या. आपल्या तालुक्यातले सिंचन, शाळा, रोजगार यांचे आकडे शेजारच्या तालुक्यांशी ताडून पाहू या. आणि त्या तालुक्यांतही आपल्या वस्तीच्या वाट्याला काय आले, हे विचारू या. जातींमधल्या विषमतेइतकाच प्रदेशांमधल्या विषमतेचाही हिशेब मागणे, हा बाबासाहेबांचाच वारसा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!