शून्यलब्धीचा धडा

बाळशास्त्री जांभेकरांचे नाव महाराष्ट्रात निघते ते बहुधा दर वर्षी ६ जानेवारीला. १८३२ साली त्या दिवशी त्यांच्या ‘दर्पण’ पत्राचा पहिला अंक निघाला. म्हणून तो दिवस पत्रकार दिन मानला जातो, तसबिरीला हार पडतो आणि मराठी वृत्तपत्रांच्या जनकाचे स्मरण पुरे झाले असे आपण समजतो. परंतु या गृहस्थांचे बरेचसे आयुष्य गणित शिकविण्यात आणि शाळाखात्याच्या कामात गेले, आणि उच्च गणिताची जी शाखा आज कॅल्क्युलस या नावाने महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला धडकी भरविते, तिच्यावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पत्रकारांनी त्यांचे स्मरण करावे हे योग्यच; पण त्यांच्यावर खरा हक्क आहे तो लालबाग-काळाचौकीच्या चाळीतून कॉलेजात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याचा.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ सालचा, कोकणातील पोंभुर्ले गावचा. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक; त्यामुळे मराठी व संस्कृतचे अध्ययन घरीच झाले. पुढे मुंबईत आल्यावर सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा आधार मिळाला, इंग्रजी विद्येचे दार उघडले आणि या मुलाने गणितात विलक्षण गती दाखविली. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे दुय्यम चिटणीसपद त्यांना अठराव्या वर्षी मिळाले, आणि १८३४ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक झाले. असे पद मिळालेले ते पहिले भारतीय होत. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड यांसारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. दादाभाई पुढे त्याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले आणि नंतर त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा आकड्यांनी हिशेब मांडला. आपल्याकडील अर्थशास्त्राचा उगम गणिताच्या वर्गात आहे, हे या गुरुशिष्यपरंपरेवरून ध्यानात यावे.

बाळशास्त्रींच्या गणिती पुस्तकाचे नाव ‘शून्यलब्धिगणित’. लब्धि म्हणजे भागाकाराने आलेले फळ. शून्याला शून्याने भागले असता जे हाती लागते ते शून्यलब्धि, असा या शब्दाचा अर्थ लागतो. वरवर पाहता हा वेडेपणा वाटेल, कारण शून्याने भागू नये हे शाळेतले पोरही जाणते. पण कॅल्क्युलसचे सारे मर्म आणि सारी अडचण याच एका शब्दात साठविलेली आहे.

दहा फूट बाजूचा चौरस घ्यावा. त्याचे क्षेत्रफळ १०० चौरस फूट. बाजू एक फुटाने वाढविली तर क्षेत्रफळ २१ ने वाढते. बाजू दशांश फूट वाढविली तर ते २.०१ ने वाढते, म्हणजे वाढीचे गुणोत्तर २०.१ येते. शतांश फूट वाढविली तर तेच गुणोत्तर २०.०१ होते. बाजूची वाढ शून्याकडे जाते, क्षेत्रफळाची वाढही शून्याकडे जाते, पण त्या दोहोंचा भागाकार मात्र शून्य न होता २० या आकड्याला जाऊन भिडतो. नाहीशा होत चाललेल्या दोन राशी आपल्यामागे एक निश्चित संख्या ठेवून जातात. न्यूटन व लायब्निट्झ यांनी सतराव्या शतकात ही रीत काढली, तेव्हा त्या नाहीशा होणाऱ्या राशी नेमक्या आहेत की नाहीत, यावर युरोपातील विद्वानांत रणे माजली. बिशप बर्कली यांनी १७३४ साली या विद्येची यथेच्छ टर उडविली. सीमेच्या कल्पनेवर तिची पक्की उभारणी कोशी यांनी केली ती १८२१ साली. म्हणजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जी गोष्ट अवघड वाटते ती थोरामोठ्यांनाही दीडशे वर्षे अवघडच वाटली होती. वर्गात हे सांगितले जात नाही. सूत्रे तेवढी सांगितली जातात, आणि विद्यार्थी आपलीच बुद्धी कोती अशी समजूत करून घेतो.

मराठीत असे पुस्तक लिहिणे हा त्या काळी एकट्यादुकट्याचा छंद नव्हता. जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत हटनच्या गणितग्रंथांची मराठी भाषांतरे सिद्ध केली होती. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ज्योतिषग्रंथात ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार आलेला आहे. तेव्हा शब्दांची पुंजी घरात होती, ती वापरणारा हवा होता. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही विद्यांत पारंगत असलेले बाळशास्त्री या कामाला सर्वस्वी योग्य होते. १८४५ साली मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापनवर्गाची धुराही त्यांच्यावर आली. परंतु पुढच्याच वर्षी, १८४६ च्या मे महिन्यात, तापाच्या दुखण्याने त्यांचा अंत झाला. वय जेमतेम चौतीस.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्ष-दोन वर्षांतच मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये प्रसिद्ध वाद झाला. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच हवे, असा अध्यक्ष एर्स्किन पेरी यांचा आग्रह. देशी भाषांचा कैवार घेतला तो कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी. पेरी यांचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे नाही. देशी भाषांत ग्रंथ थोडे होते, शिकविणारे त्याहून थोडे. पण हे दोन्ही ज्यांच्या अंगी होते ते गृहस्थ नुकतेच निवर्तले होते. १८५७ साली विद्यापीठ निघाले ते इंग्रजी माध्यमाचे, आणि ‘शून्यलब्धि’ हा शब्द हळूहळू पाठ्यपुस्तकांतून पुसला गेला.

या निर्णयाचे ओझे कोण वाहतो? बाळशास्त्रींच्या हयातीत मुंबईत कापडगिरणी नव्हती. पहिल्या गिरणीची कंपनी निघाली ती १८५४ साली. पुढे काळाचौकी, लालबाग, परळ हे गिरणगाव झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते मोडले, आणि गिरणीतले काम वारसाने मिळण्याची सोय संपल्यावर कामगारांच्या मुलांना शिक्षणावाचून दुसरी वाट उरली नाही. मराठी शाळेतून आलेला असा विद्यार्थी विज्ञान शाखेला जातो तेव्हा विषय नवा, भाषा परकी आणि चिन्हे अनोळखी, असे तीन डोंगर एकाच वेळी चढावे लागतात. वाणिज्य किंवा अर्थशास्त्र घेतले तरी सुटका नाही. आणखी एक वार कापड काढण्यास किती जादा खर्च येतो, हा सीमान्त खर्चाचा प्रश्न म्हणजे शून्यलब्धीचेच उदाहरण होय. कूर्नो यांनी पॅरिसमध्ये मागणी व किंमत यांचा विचार या गणिताने मांडला तो १८३८ साली, म्हणजे बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये शिकवीत होते त्याच काळात.

इंग्रजीची हकालपट्टी करावी असा याचा अर्थ नव्हे. बाळशास्त्रींनी स्वतः ‘दर्पण’ मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, शेजारीशेजारी रकाने घालून चालविला. कॅल्क्युलसच्या वर्गालाही तेच दोन रकाने हवे आहेत. पुस्तक इंग्रजी असो, परीक्षा इंग्रजीत असो. पण ‘का’ या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत मिळाले पाहिजे, आणि ते देताना संकोच वाटण्याचे शिक्षकाला कारण नाही. सत्राच्या आरंभीचे चार तास चौरसाच्या वाढीसारख्या साध्या उदाहरणावर मराठीतून खर्ची घातले, तर पुढचे चाळीस तास वाया जाणार नाहीत. त्याला नवे धोरण लागत नाही की अनुदान लागत नाही.

बाविसाव्या वर्षी जे काम एका कोकणी शास्त्र्याच्या मुलाने हाती घेतले, ते आज प्राध्यापकांची एवढी मोठी संख्या असताना अशक्य का वाटावे? तसबिरीला हार घालण्याहून हे स्मरण थोडे कष्टाचे आहे; पण त्यांना शोभणारे हेच आहे.