छापखाना नसलेला संपादक : माधवराव सप्रे

बोरसी (भिलाई) : भिलाई-दुर्ग परिसरातील बोरसीहून रायपूर सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या या पट्ट्यात महाराष्ट्रातून आलेली कितीतरी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. मात्र भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, त्याच्या जवळजवळ साठ वर्षे आधी एका मराठी भाषक तरुणाने या प्रदेशाचे नाव एका हिंदी मासिकाच्या मुखपृष्ठावर छापले होते. भांडवल नव्हते, स्वतःचा छापखाना नव्हता, धनिकाचा आश्रय नव्हता. ते मासिक तीन वर्षे चालले आणि बंद पडले. पण छत्तीसगडच्या पत्रकारितेचा आरंभ आजही त्याच मासिकापासून मोजला जातो. त्या तरुणाचे नाव माधवराव सप्रे. २३ एप्रिल २०२६ या दिवशी त्यांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होतात.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी तत्कालीन मध्य प्रांतातील दमोह जिल्ह्यात पथरिया या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत, आईचे लक्ष्मीबाई. घरची भाषा मराठी आणि आसपासची हिंदी. प्रारंभीचे शिक्षण बिलासपूरला झाले आणि पुढे ते रायपूरच्या शाळेत दाखल झाले. तेथील शिक्षक नंदलाल दुबे यांनी त्यांना हिंदी साहित्याची गोडी लावली. महाविद्यालयीन शिक्षण अडथळ्यांनी भरलेले होते. आजारपण, आर्थिक ओढाताण आणि गावोगावचे स्थलांतर यांतून वाट काढीत त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळवली.

त्या काळी पदवीधर तरुणापुढे सरकारी नोकरीचा राजमार्ग मोकळा असे. सप्रे यांनाही ती संधी होती. त्यांनी ती नाकारली आणि पेंड्रा येथील जमीनदारांच्या राजकुमारांना शिकविण्याचे काम पत्करले. महिन्याला मिळणारे वेतन पन्नास रुपये होते. या वेतनातून शिल्लक टाकून वृत्तपत्र काढावयाचे, हा त्यांचा संकल्प होता. आज ज्याला बीजभांडवल म्हटले जाते, ते सप्रे यांच्या बाबतीत एका खासगी शिक्षकाच्या पगारातून बाजूला काढलेले पैसे होते.

जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. संपादक म्हणून माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोळकर यांची नावे होती. प्रकाशनाची जबाबदारी रायपूरचे वामन बळीराम लाखे यांनी उचलली होती. तिघेही मराठी भाषक आणि तिघांचेही वय तिशीच्या आत-बाहेर. मासिक काढावयाचे ते कोणत्या भाषेत, याचा निर्णय त्यांनी आपल्या मातृभाषेकडे पाहून केला नाही. ज्या लोकांमध्ये राहतो त्यांच्याच भाषेत बोलले पाहिजे, ही त्या निर्णयामागची साधी भूमिका होती.

काळ मात्र अत्यंत प्रतिकूल होता. १८९६-९७ च्या दुष्काळातून प्रदेश पुरता सावरला नव्हता, तोच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ कोसळला आणि छत्तीसगडला त्याची मोठी झळ बसली. धान्यालाच पैसा नसलेल्या मुलखात मासिकाची वर्गणी भरणारे किती मिळणार? शिवाय साक्षरतेचे प्रमाण अल्प होते. पेंड्र्यात छपाईची सोय नव्हती. मजकूर पेंड्र्यात तयार होई आणि अंक रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये छापला जाई. पुढे छपाई नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये होऊ लागली. संपादक एका गावी, छापखाना शेकडो मैल दूर दुसऱ्या गावी आणि वाचक तिसरीकडे विखुरलेला, अशा स्थितीत मुद्रिते तपासणे, अंक वेळेवर काढणे आणि तो टपालाने रवाना करणे हेच मोठे दिव्य होते.

अशा आडबाजूच्या गावातून निघणाऱ्या मासिकाने वाङ्मयीन कसोटी मात्र कधीच सैल केली नाही. नव्या पुस्तकांचे परखड परीक्षण हे ‘मित्र’चे वैशिष्ट्य ठरले. श्रीधर पाठक यांच्यासारख्या प्रतिष्ठित कवीच्या ग्रंथांचीही तेथे गुणदोषांसह चिकित्सा झाली. हिंदीत पुस्तक-समीक्षेची शिस्त रुजविण्याचे श्रेय अभ्यासक या मासिकाला देतात. एप्रिल १९०१ च्या अंकात सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. एका गरीब विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची ही कथा. ती हिंदीतील पहिली लघुकथा आहे, असे अनेक समीक्षक मानतात. जमीनदाराच्या घरी शिकवून मिळणाऱ्या पैशावर उभ्या राहिलेल्या मासिकात अशी कथा छापली जावी, यातच संपादकाच्या स्वातंत्र्याचा पुरावा आहे.

एवढे करूनही जमाखर्चाचा मेळ बसला नाही. वर्गणीतून खर्च भागत नव्हता आणि तोटा साचत चालला होता. डिसेंबर १९०२ मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ बंद झाले.

योगायोग असा, की ज्या महिन्यात पेंड्र्याहून ‘मित्र’ निघाले, त्याच जानेवारी १९०० मध्ये अलाहाबादहून ‘सरस्वती’ हे मासिक सुरू झाले. ‘सरस्वती’ पुढे अनेक दशके चालले आणि महावीरप्रसाद द्विवेदी यांच्या संपादनाखाली हिंदीचे अग्रणी मासिक बनले. दोन्ही मासिकांमागची निष्ठा सारखीच होती. फरक पाठबळाचा होता. ‘सरस्वती’मागे चिंतामणी घोष यांचा इंडियन प्रेस हा सुसज्ज छापखाना आणि प्रकाशनाचा चालता व्यवसाय उभा होता. एखाद्या महिन्यातील तोटा तो व्यवसाय पोटात घेऊ शकत असे. ‘मित्र’मागे होते तिघे स्नेही आणि त्यांची बचत.

या अपयशाने सप्रे खचले नाहीत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हाती घेतलेल्या वैज्ञानिक परिभाषा कोशात अर्थशास्त्राचा विभाग त्यांनी सिद्ध केला. सुमारे तेराशे इंग्रजी संज्ञांना त्यांनी हिंदी पर्याय दिले. ज्याचे मासिक पैशाअभावी बंद पडले, त्याच संपादकाने हिंदीला भांडवल, व्यापार आणि संपत्ती यांविषयी नेमकेपणाने बोलण्याची शब्दसंपदा पुरविली.

१९०६ मध्ये त्यांनी नागपूरहून ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली. स्वदेशी आणि बहिष्काराच्या चळवळीवरील त्यांची पुस्तिका याच काळातली. ती पुढे सरकारने जप्त केली. त्यानंतरचे पाऊल अधिक धाडसाचे होते. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’चे विचार हिंदी भाषकांपर्यंत पोहोचावेत, या हेतूने १३ एप्रिल १९०७ रोजी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक निघाले. या वेळी अडचण वेगळी होती. पुण्याच्या ‘केसरी’ची प्रतिष्ठा पाठीशी असल्याने वाचक मिळविण्यासाठी पेंड्र्यासारखी वणवण नव्हती. तथापि जे नाव वाचक आणत होते, तेच नाव सरकारचा रोषही ओढवून घेत होते.

२४ जून १९०८ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली आणि २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. महिनाभरातच, २२ ऑगस्ट १९०८ रोजी, सप्रे यांनाही राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. प्रकृती नाजूक, घरची परिस्थिती बेताची आणि कुटुंब पूर्णतः हादरलेले. त्यांनी सरकारला माफीपत्र लिहून द्यावे, यासाठी थोरले बंधू बाबूराव यांचा आग्रह इतक्या टोकाला गेला, की त्यांनी जीव देण्याची भाषा केली. अखेर सप्रे यांनी माफीपत्रावर स्वाक्षरी केली आणि नोव्हेंबर १९०८ मध्ये त्यांची सुटका झाली.

सप्रे यांच्या आयुष्यातील हा सर्वांत अवघड प्रसंग. गुरुस्थानी मानलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना आपण सुटून घरी आलो, ही बोच त्यांना असह्य झाली. मित्रांनी पाठ फिरविली, टीका झाली. त्यांनी स्वतःची बाजू मांडण्यासाठी लेखणी उचलली नाही. सार्वजनिक जीवनातून ते दूर झाले. रामदासी साधक श्रीधर विष्णू परांजपे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ‘दासबोधा’चे वारंवार पारायण केले आणि काही काळ माधुकरी मागून निर्वाह केला. प्रायश्चित्त म्हणून आरंभलेल्या या साधनेतूनच त्यांच्या दुसऱ्या मोठ्या कार्याचा उगम झाला.

ते कार्य होते अनुवादाचे. समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला. टिळकांनी मंडालेच्या कारावासात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. त्याचा हिंदी अनुवाद सप्रे यांनीच केला. टिळकांनी हे काम त्यांच्यावर सोपविले, यातच गुरुशिष्यांमधील विश्वास अखंड राहिल्याची ग्वाही मिळते. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतावरील ग्रंथाचा अनुवादही त्यांनी केला. महाराष्ट्रातील विचारधन हिंदी प्रदेशात पोहोचविणारा इतका भक्कम पूल त्या काळात दुसऱ्या कोणी क्वचितच बांधला असेल. रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

वृत्तपत्राचा ध्यास मात्र सुटला नव्हता. आता स्वतःच्या नावाने पत्र काढण्याऐवजी दुसऱ्याला उभे करण्याचा मार्ग त्यांनी निवडला. ‘हिंदी केसरी’ने घेतलेल्या निबंध स्पर्धेत माखनलाल चतुर्वेदी या तरुण शिक्षकाने पारितोषिक मिळविले होते. सप्रे यांनी त्यांच्यातील संपादक हेरला. विष्णुदत्त शुक्ल यांच्या सहकार्याने राष्ट्रसेवा लिमिटेड ही कंपनी उभारण्यात आली आणि जानेवारी १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. संपादकपदी चतुर्वेदी होते.

या मांडणीत सप्रे यांच्या वीस वर्षांच्या अनुभवाचे सार दिसते. पेंड्र्यातील पत्र तिघांच्या खिशावर अवलंबून होते, म्हणून ते तोट्यात बुडाले. नागपूरचे पत्र संपादकाच्या अटकेने कोलमडले. तिसऱ्या वेळी भांडवलासाठी कंपनी होती आणि संपादन एका तरुण, निर्भय माणसाच्या हाती होते. संकटे याही पत्रावर आली. १९२१ मध्ये चतुर्वेदी यांना अटक झाली आणि पुढे प्रकाशनात खंडही पडला. तरीही १९२५ मध्ये ‘कर्मवीर’ खंडव्याहून पुन्हा सुरू झाले आणि पुढील कित्येक वर्षे चालले.

१९२४ मध्ये देहरादून येथे भरलेल्या अखिल भारतीय हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान सप्रे यांना मिळाला. मराठी मातृभाषा असलेल्या लेखकाला हिंदी जगताने दिलेली ही पावती होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, २३ एप्रिल १९२६ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. मागे संपत्ती म्हणावे असे काही नव्हते.

त्यांचे सहकारीही विस्मृतीत गेले नाहीत. ‘मित्र’चे प्रकाशक वामनराव लाखे पुढे छत्तीसगडमधील सहकारी चळवळीचे आद्य कार्यकर्ते ठरले, रायपुरातील लाखेनगर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. सप्रे यांच्या नावाची शाळा रायपुरात आहे. भोपाळमध्ये १९ जून १९८४ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, स्थापन झालेले माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय देशभरातील जुन्या नियतकालिकांचे जतन करीत आहे. ज्या संपादकाचे स्वतःचे मासिक तीन वर्षांच्या पुढे जाऊ शकले नाही, त्याच्या नावाने इतरांची हजारो वृत्तपत्रे सुरक्षित राहिली आहेत.

स्वतंत्र पत्रकारितेपुढील प्रश्न शंभर वर्षांत फारसे बदललेले नाहीत. छापखान्याची जागा संगणकाने घेतली; पण पैसा कोठून येणार आणि कायद्याचा बडगा आल्यास पाठीशी कोण उभे राहणार, हे दोन प्रश्न आशियातील प्रत्येक लहान वृत्तसंस्थेपुढे आजही आहेत. मलेशियात १९९९ मध्ये दोघा तरुणांनी सुरू केलेल्या ‘मलेशियाकिनी’ या वृत्तसंस्थेला २०२१ मध्ये न्यायालयाने पाच लाख रिंगिटचा दंड ठोठावला, तेव्हा तेथील वाचकांनी ती रक्कम काही तासांत जमवून दिली. उत्तर प्रदेशातील चित्रकूटमध्ये २००२ मध्ये सुरू झालेले ‘खबर लहरिया’ हे पत्र ग्रामीण स्त्रियांनी आपल्या बोलीत चालवून दाखविले.

पेंड्र्याच्या तिघा मित्रांच्या पाठीशी असा वाचकवर्ग उभा राहू शकला नाही. दुष्काळाने ग्रासलेल्या त्या मुलखात तो असणे शक्यही नव्हते. सप्रे यांनी तो घडविण्यासाठी आयुष्य वेचले. एका पत्राचा अंत म्हणजे पत्रकारितेचा अंत नव्हे. पत्र बंद पडले तरी त्यातून तयार झालेला वाचक, लेखक आणि संपादक पुढच्या पत्राचे भांडवल ठरतो, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.