परिचर्येला प्रतिष्ठा देणाऱ्या रमाबाई

अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात एखाद्या खेड्यातून रुग्ण दाखल होतो, तेव्हा नातेवाइकांचे डोळे डॉक्टरांकडे लागलेले असतात. परंतु डॉक्टरांची फेरी काही मिनिटांची. उरलेली सारी दिवसरात्र रुग्ण परिचारिकेच्या हवाली असतो. योग्य रुग्णाला योग्य मात्रेत औषध मिळणे, ताप-नाडीची वेळच्या वेळी नोंद होणे, हात धुऊनच जखमेला स्पर्श होणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर त्याचा जीव अवलंबून असतो. हे काम मराठी मध्यमवर्गात प्रतिष्ठेचे कसे झाले, हे पाहू जाता रमाबाई रानडे यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यातील या मुलीचा विवाह १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. तोवर तिला अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकविण्यास आरंभ केला आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसत ती मराठीच नव्हे, तर इंग्रजीही शिकली. १९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. वैधव्याचे दुःख पचवून रमाबाई पुन्हा सार्वजनिक कार्यात उतरल्या आणि १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले.

सेवासदनाने १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचर्या-शिक्षणाची व्यवस्था केली. लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिका-शाळा १८६० सालीच निघाली होती. परिचर्या हे शिकण्याचे शास्त्र आहे, ही गोष्ट तिकडे रुजली होती. इकडे मात्र परक्या पुरुषाची सेवा, परजातीचा स्पर्श आणि रात्रपाळी या तिन्ही गोष्टी वरच्या जातींतील घरांना निषिद्ध वाटत. विधवेने घरात आयुष्यभर विनावेतन राबावे, यात कोणाला गैर दिसत नसे; तिने शिकून वेतन घेऊन रुग्णसेवा करावी, यात मात्र कुळाला बट्टा लागे. रमाबाईंनी हा दंभ ओळखला. केवळ उपदेश न करता शिक्षण, राहण्याची सुरक्षित सोय आणि स्वतःच्या नावाची प्रतिष्ठा त्यांनी या मुलींच्या पाठीशी उभी केली. १९२४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ही वाट रुळू लागली होती.

तरीही गरज अफाट होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार त्या वेळी देशात सुमारे ७ हजार परिचारिका होत्या, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक! त्यानंतर संख्या पुष्कळ वाढली आहे, शिक्षण पदवीपर्यंत पोहोचले आहे. परंतु रमाबाईंच्या कार्याचा खरा अर्थ संख्येपुरता नाही. रुग्णाची सुरक्षितता ही परिचारिकेच्या स्थितीपासून वेगळी काढता येत नाही. एकीच्या अंगावर अनेक खाटांचा भार टाकावयाचा, तिच्या निवासाची व सुरक्षिततेची हेळसांड करावयाची, डॉक्टरांची चूक तिच्या लक्षात आली तरी ती बोलू शकणार नाही असे वातावरण ठेवावयाचे, आणि वर चुकांबद्दल तिलाच दोष द्यावयाचा, हा न्याय नव्हे आणि काटकसरही नव्हे. परिचर्येवर वाचविलेला पैसा रुग्णालयातील जंतुसंसर्ग, लांबलेला मुक्काम आणि टाळता आला असता असा मृत्यू यांच्या रूपाने दामदुपटीने वसूल होतो. आणि हा हप्ता भरतो तो बहुधा गरीब रुग्णच.