वृक्षगणक सर डीट्रिख ब्रांडिस

आपल्या गोंदियाच्या आसमंतांतील मोह, तेंदू, येन, साग हे वृक्ष विद्यार्थ्यांस चांगले परिचित आहेत. त्यांचें शास्त्रशुद्ध वर्णन करणारा, वायव्य व मध्य हिंदुस्थानांतील वनवृक्षांविषयींचा ग्रंथ १८७४ सालीं प्रसिद्ध झाला. स्ट्युअर्ट नांवाच्या विद्वानानें आरंभिलेला हा ग्रंथ ज्यांनीं तडीस नेला, ते सर डीट्रिख ब्रांडिस जन्मानें जर्मन होते.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजीं बॉन शहरीं झाला. तेथील विद्यापीठांत ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. बंगालमधील श्रीरामपूरचे प्रसिद्ध मिशनरी मार्शमन यांचे ते जामात होत. लॉर्ड डलहौसी यांच्या कारकीर्दींत, १८५६ सालीं, ब्रह्मदेशांतील पेगू प्रांताचीं सागवनें त्यांच्या स्वाधीन करण्यांत आलीं.

सागवानास जहाजांसाठीं मोठी मागणी होती आणि व्यापाऱ्यांना कुऱ्हाड चालविण्याची घाई झाली होती. मात्र वनांत साग आहे किती, हें कोणासच ठाऊक नव्हतें! ब्रांडिस हत्तीवर बसून डोंगरांच्या धारेनें फिरूं लागले. हातांत बांबूच्या कामट्या आणि चाकू. प्रत्येक कामटी एका विशिष्ट घेराच्या झाडांसाठीं. झाड दिसलें कीं त्या कामटीवर एक खांच. मुक्कामीं पोचल्यावर खांचा मोजून वहींत आंकडे मांडावयाचे. पावसांत कागद भिजतो, कामटी भिजून बिघडत नाहीं; युक्ति साधी, पण किती उपयोगी! असे महिनेच्या महिने गेले, आणि तेंही हिवतापाच्या मुलखांत.

पुढील हिशेब आमच्या त्रैराशिकासारखाच आहे. सहा फूट वा अधिक घेराचीं झाडें पहिल्या वर्गाचीं. त्याखालच्या वर्गांतील झाडास पहिल्या वर्गांत येण्यास सुमारें २४ वर्षें लागतात, असें त्यांना दिसून आलें. मग पहिल्या वर्गाचा चोविसावा हिस्साच एका वर्षांत तोडावा, म्हणजे वन खुंटणार नाहीं. त्या डोंगरांतील करेन लोक जंगल जाळून फिरती शेती करीत. ब्रांडिस यांनीं त्यांना हांकलून न देतां, पिकाबरोबर सागही लावून घेण्याची व्यवस्था केली.

१८६४ सालीं ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८७८ चा वनकायदा त्यांच्याच काळचा. सरकारनें वन राखीव करण्यापूर्वीं तेथील लोकांच्या हक्कांची चौकशी करावी, हक्क घ्यावयाचा तर मोबदला द्यावा, आणि गांवासाठीं निराळें वन ठेवावें, असें त्यांचें मत होतें. ग्रामवनांचें कलम कायद्यांत आलें खरें, परंतु ग्रामवनें फारच थोडीं झालीं. चराई, सरपण व मोहफुलें यांसाठीं गरिबांना पुढें जी ओढाताण सोसावी लागली, तिचें एक कारण हेंच, असें आम्हांस वाटतें. झाडें मोजण्यांत ते यशस्वी झाले. माणसांच्या बाबतींत त्यांचें म्हणणें पुरतें ऐकलें गेलें नाहीं.

१८८३ सालीं निवृत्त होऊन ते बॉन येथें राहिले. तेथें १८८९ सालीं गिफर्ड पिंशो नांवाचा अमेरिकन तरुण त्यांच्याकडे मार्गदर्शनास आला. तोच पुढें अमेरिकेच्या वनखात्याचा प्रमुख झाला. ब्रांडिस २८ मे १९०७ रोजीं वारले. त्यानंतर चार वर्षांनीं, १९११ सालीं, अमेरिकेंत असा कायदा झाला कीं, नद्यांच्या उगमाकडील खासगी जमिनी वनांसाठीं सरकारनें विकत घ्याव्या. मात्र त्यापूर्वीं भूगर्भखात्यानें पाहणी करून, ती जमीन राखल्यानें नदीची वाहतूक सुरक्षित राहील, असा दाखला द्यावा. त्याप्रमाणें शास्त्रज्ञांनीं एका डोंगराळ प्रदेशांत शेजारशेजारच्या दोन ओढ्यांचें पाणी मोजलें: एकाच्या खोऱ्यांत वन उभें होतें, दुसऱ्याच्या तोडून जाळलेलें. त्यानंतरच तेथील खरेदीस संमति मिळाली.